घरून काम कुणाला मानवतं?

चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळी घरी जमली की माझ्या नोकरीचा विषय एकदा तरी निघतोच. नेवऱ्या तळता तळता काकी म्हणतात, "तुझं बरं आहे गं. तू मुळातच कमी बोलणारी, तुला घरात बसून काम करायला काही वाटत नाही. आमच्या बाबूचं कसं होतंय देव जाणे. त्याला घडोघडी माणसं लागतात." बाबू म्हणजे माझा चुलतभाऊ.

काकींना जे वाटतं तेच माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटतं. अबोल माणसाला घर आणि बोलक्याला ऑफिस, अशी सरळ वाटणी करून ते मोकळे होतात. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न हल्ली आडून आडून विचारला जातो. मी गोव्यात माशेलला राहते, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका गटाचं काम बघते, आणि हा गट २०२० पासून पुणे, बेळगाव, बंगळूर आणि गोवा असा पसरलेला आहे. या माणसांचं काम आणि त्यांचे चांगले-वाईट काळ जवळून बघितल्यावर मला ही वाटणी पटत नाही. शिवाय तिच्यामुळे काही माणसांचं खरोखर नुकसान होतं, आणि ते नुकसान कुणाच्या नजरेस येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

बाबूपासूनच सांगते. बंगळूरच्या त्याच्या ऑफिसात शेकडो माणसं होती. ती संध्याकाळी आपापल्या दिशेने जायची आणि हा भाड्याच्या खोलीवर येऊन एकटा जेवायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या जरा आधी तो घरी पोचला, तो परत गेलाच नाही. आता दिवसभर माडीवरच्या खोलीत बसून एका परदेशी कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. कुणाशी बोलणं झालं तर कामापुरतं. पण साडेसहा वाजले की खाली उतरतो, आणि मग जेवणाच्या वेळेपर्यंत घरच्यांना दिसत नाही. देवळाकडे मित्र जमलेले असतात, आरती असते, भजनाचा सराव असतो. जत्रा जवळ आली की नाटकाची तालीम सुरू होते, आणि आमच्याकडे गावच्या नाटकाची तालीम म्हणजे नट, पेटीवाला, पडदे ओढणारे, नुसते बघायला आलेले म्हातारे, चहा आणून देणारी पोरं अशी सगळी मिळून रात्री उशिरापर्यंत चालणारी गोष्ट. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात अखंड भजन असतं आणि दुसऱ्या दिवशी चिखलकाला, म्हणजे चिखलातले खेळ. त्या दोन दिवसांची रजा तो महिनाभर आधी टाकून ठेवतो.

त्याला माणसं लागतात हे काकींचं म्हणणं अगदी खरं आहे. ती ऑफिसातलीच असावी लागतात असं मात्र नाही. स्वभाव आणि काम यांचं जुळतं की नाही हे बघताना आपण कामाचे आठ-नऊ तास तेवढे धरतो आणि उरलेल्या तासांचा हिशेबच करत नाही. ज्याची संध्याकाळ भरलेली आहे तो बोलका माणूस दिवसभर एकटा राहू शकतो. ज्याची संध्याकाळ रिकामी आहे त्याला ऑफिसातल्या दुपारच्या जेवणाची सोबतही मोठी वाटते.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला जास्त कळकळ आहे. माझ्या गटातली एक मुलगी सत्तरी तालुक्यातली. घर वाड्यापासून, म्हणजे वस्तीपासून, आत, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत. मितभाषी, कामात अतिशय चोख. तिने काढलेली चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याला नाकारता यायची नाही, इतक्या पायऱ्या नोंदवून ती लिहायची. वेर्ण्याला ऑफिसात यायची तेव्हा सकाळी दोन बस बदलून यायची. घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं, आणि पहिलं वर्ष तसं वाटावं असंच गेलं. मग हळूहळू तिच्या नोंदी आखूड व्हायला लागल्या. ज्या कामाला पूर्वी अर्धा दिवस लागायचा त्याला दोन दिवस लागू लागले. बैठकीत कॅमेरा बंद, विचारलं तर "हो, चाललंय" एवढंच.

कामचुकारपणाचा यात प्रश्नच नव्हता. ती अडत होती आणि विचारत नव्हती. ऑफिसात तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची बाई तिचा चेहरा बघून "काय अडलंय गं?" म्हणायची आणि खुर्ची सरकवून बसायची. घरून काम करताना तीच मदत मागायला आधी संदेश लिहावा लागतो, आणि तो लिहिणं म्हणजे आपल्याला जमत नाही हे चारचौघांत जाहीर करणं, असं तिला वाटायचं. एकदा वाळपईला एका लग्नात आम्ही भेटलो, जेवणं झाल्यावर बाहेर उभ्या राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "ताई, आठवडाभर मी घरच्यांशिवाय कुणाशी बोलले नाही. मला वाटायचं मला हेच आवडतं."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. अबोल माणसाला एकांत आवडतो हे खरं असेल, पण त्यामुळेच त्याचा एकांत कधी जास्त झाला हे इतरांच्या लक्षात येत नाही, आणि पुष्कळदा त्याच्याही येत नाही. बाबू चार दिवस गप्प झाला तर सगळा वाडा विचारायला येईल. ही मुलगी चार महिने गप्प झाली तर म्हणतील, तिचा स्वभावच तसा आहे. सुखाचं गप्प राहणं आणि बुडत चाललेल्याचं गप्प राहणं पडद्यावर सारखंच दिसतं. म्हणून घरून काम करताना जास्त जपायचं ते शांत माणसांना, असं माझं ठाम मत झालं आहे.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली मांडली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी त्या विचारावरून सोळा स्वभावप्रकारांची चाचणी तयार केली. आजही कितीतरी कंपन्यांत नवी माणसं ती भरतात आणि चार अक्षरांचा शिक्का घेऊन बाहेर पडतात. गंमत म्हणून भरायला हरकत नाही. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात, कारण बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात आणि चाचणी त्यांना रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. अशा शिक्क्यावरून कुणी कुठे बसावं हे ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

संशोधक आता जास्त करून पाच गुणांबद्दल बोलतात, आणि प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो असं मानतात: नव्याची ओढ, कामातली शिस्त आणि जबाबदारी, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्वस्थता. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा त्यांनी तपासलेल्या सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी जुळणारा गुण निघाला तो शिस्तीचा. बहिर्मुखतेचा उपयोग दिसला तो मुख्यतः विक्रीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामात. हा अभ्यास घरून कामाबद्दलचा नव्हता, पण माझ्या अनुभवाशी तो जुळतो. घरी बसची वेळ नसते, हजेरी नसते, समोर साहेब नसतो. दिवसाला आकार द्यायचं काम ज्याचं त्याला करावं लागतं. हे जमणारी माणसं बडबडीही असतात आणि घुमीही. पण याच शिस्तीच्या माणसांना थांबताही येत नाही. पुण्यातला आमचा एक सहकारी रात्री साडेदहाला मेल पाठवतो आणि सकाळी सातला त्याच मेलवर पुढचं लिहितो. त्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटते आणि ती मी त्याला बोलूनही दाखवते.

पाचांतल्या ज्या गुणाबद्दल घरून कामाच्या चर्चेत जवळजवळ कुणीच बोलत नाही तो म्हणजे मिळतंजुळतं घेण्याचा. गोव्यातल्या घरात तर तोच सगळ्यांत जास्त आड येतो.

आमच्याकडे पुढचं दार सकाळी उघडलं की रात्रीच लागतं. सकाळी पदेर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून पाव घ्यायचे. मग मासळीवाली येते, तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. गॅसचा सिलिंडर येतो. शेजारची मावशी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येते, हातात मोबाइल: "बाय, मात्शें पळय गो हें." म्हणजे जरा बघ गं हे. कुणाचं विजेचं बिल भरायचं असतं, कुणाच्या नातवाचा अर्ज. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. या येण्याजाण्यावरच गाव उभं आहे आणि मला ते हवंही आहे. पण "तू घरीच असतेस ना" या वाक्यापुढे ज्याला "आत्ता नाही" म्हणता येत नाही, त्याचा दिवस कामाच्या आधीच संपतो.

माझ्या वहिनीचं असं झालं. ती फोंड्यातल्या एका फर्मचे हिशेब बघते, आणि मधली दोन-अडीच वर्षं ते काम घरून करत होती. बोलकी, हसरी, कुणालाही नाही न म्हणणारी. कुठल्याही चाचणीत तिला मिळतंजुळतं घेण्यात पैकीच्या पैकी गुण मिळतील. दिवसभर घरच्यांचं, पाहुण्यांचं, शेजाऱ्यांचं करायची आणि सगळी झोपल्यावर लॅपटॉप उघडायची. इथे स्पष्ट बोलते. दादा लॅपटॉप घेऊन बसला की घरात "आवाज करू नका" होतं. वहिनी लॅपटॉप घेऊन बसली की तिला कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगतात. सासूबाई वाईट नाहीत आणि दादाही वाईट नाही. घरात बाई दिसली की ती मोकळी आहे असं धरून चालायची सवय पिढ्यांची आहे. शेवटी वहिनी परत फोंड्याला जायला लागली. लोकांनी अंदाज केला, हिला गप्पांशिवाय करमत नसेल. तिने मला सांगितलेलं कारण वेगळं होतं: तिथे तिच्या खोलीला दार आहे आणि ते लावलं तर कुणी रागावत नाही.

या गोष्टीत तिचा स्वभाव जितका तितकंच तिचं घर आहे. तीच वहिनी पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, अनोळखी शेजारात राहत असती तर घरून काम तिला सुखाचं झालं असतं, किंवा मग एकटेपणाने ती कंटाळली असती. नक्की काय झालं असतं ते तिच्या स्वभावाच्या कुठल्याही कागदावरून सांगता येणार नाही.

काही माणसं या दोन्ही टोकांत बसत नाहीत. आमच्यातला एक मुलगा पणजीजवळच्या सांताक्रूझला राहतो. त्याला बोलायला आवडत नाही, पण एकटं बसून कामही होत नाही. तो पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालयात जाऊन बसतो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आता मोठ्या नव्या इमारतीत आहे, आणि स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे सकाळपासून जागा धरतात. कुणी कुणाशी बोलत नाही. नुसती आजूबाजूला माणसं वाचत बसलेली असली की याचं चित्त लागतं. बैठकीची वेळ झाली की बाहेर जिन्यापाशी येतो.

यामागे जुनं मानसशास्त्र आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकट्यापेक्षा बरोबर कुणी असताना स्वार जास्त वेगाने जातात असं दिसलं. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: सरावाचं काम इतरांच्या उपस्थितीत अधिक चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. मला हे रोज दिसतं. ठरलेल्या तपासण्या भराभर संपवायच्या असल्या तर आमचा हा मुलगा ग्रंथालयात जातो. नवी प्रणाली समजून घ्यायची असली की घरी, दार लावून. म्हणजे एकाच माणसाला सोमवारी घर मानवतं आणि बुधवारी मानवत नाही, आणि स्वभाव तर दोन दिवसांत बदललेला नसतो.

या सगळ्या विषयावर मला सगळ्यांत शिकवून गेलेला प्रयोग चीनमधला आहे. सीट्रिप ही प्रवासाची आरक्षणं करणारी मोठी कंपनी. शांघायच्या तिच्या कॉल सेंटरमध्ये डिसेंबर २०१० पासून नऊ महिने स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. घरून काम करायला आपणहून तयार झालेल्यांतून, ज्यांच्याकडे वेगळी खोली आणि इंटरनेट होतं असे २४९ जण निवडले. ज्यांच्या जन्माची तारीख सम ते आठवड्याचे चार दिवस घरून, विषम ते ऑफिसातच. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. वाढीचा मोठा भाग जास्त मिनिटं काम केल्याचा होता, कारण मध्ये उठणं आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. चांगलं काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मात्र त्या मानाने कमी मिळाली. नजरेआड असलेल्याचं काय होतं ते तिथेही दिसलं.

पण खरी गोष्ट पुढची आहे. प्रयोग संपल्यावर कंपनीने सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली, तेव्हा प्रयोगातल्या अर्ध्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. घरून काम हवं म्हणून हात वर केलेली कितीतरी माणसं ऑफिसात परतली, आणि त्यांच्या तक्रारीत मोठी तक्रार होती एकटेपणाची. या फेरनिवडीनंतर घरून कामाचा फायदा १३ वरून जवळजवळ २२ टक्क्यांवर गेला. ही सगळी आपला स्वभाव ओळखून, विचार करून पुढे आलेली माणसं होती. तरी करून बघितल्याशिवाय त्यांना आपलं आपल्याला कळलं नव्हतं. मग ते मुलाखतीच्या अर्ध्या तासात समोरच्या साहेबाला कसं कळेल?

त्याच कंपनीने, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला: आठवड्यातून दोन दिवस घर, बाकीचे ऑफिस. २०२४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामात आणि बढतीत फरक पडला नाही, राजीनामे मात्र एकतृतीयांशाने घटले. ज्यांचा जाण्यायेण्याचा प्रवास लांबचा होता आणि ज्या बायका होत्या त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसला. सत्तरीहून वेर्ण्याला येणाऱ्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आसगाव, शिवोली, मोरजी या भागांत मुंबई-दिल्लीहून लॅपटॉप घेऊन आलेले पुष्कळ लोक मी बघते. डिसेंबरात सगळ्यांनाच वाटतं की आपण इथे आयुष्यभर काम करू शकू. मग पाऊस येतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वीज जाते, कपडे वाळत नाहीत, खिडकीबाहेर आठवडाभर तेच हिरवं. काहीजण गणपतीच्या आधीच सामान बांधतात. मला त्यांच्याबद्दल राग नाही. गावात त्यांचं कुणी नसतं, तालमीला बोलावणारं नसतं, मागच्या दाराने येणारं नसतं. ज्यांनी वाड्यावर ओळखी केल्या, जे चवथीला कुणाच्या तरी घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला गेले, ते राहिले. त्यांच्यात बडबडे आहेत आणि अबोलही आहेत.

आमच्या गटात आता दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला नव्याने विचारायचं असं ठरवून घेतलं आहे. वरून परवानगी मिळवायला वेळ लागला, कारण आसनं किती लागतील याचा आकडा त्यांना वर्षभराचा हवा असतो. सत्तरीची मुलगी आठवड्यातून दोन दिवस वेर्ण्याला येते, बाकीचे कुळागरातून काम करते, आणि तिच्या नोंदी पुन्हा पूर्वीसारख्या लांबलचक झाल्या आहेत. बाबूच्या कंपनीत अशी सोय नाही, पण त्याला विचारलं तर तो माडी सोडायला तयार नाही. मी स्वतः पावसाळ्यात ऑफिस निवडते, उन्हाळ्यात घर.

अलीकडेच वाळपईचा एक मुलगा गटात आला. घर की ऑफिस असं विचारल्यावर त्याने लगेच सांगितलं, "मॅडम, मी इंट्रोव्हर्ट आहे, मला घरच चालेल." मी त्याला विचारलं, संध्याकाळी कुठे जातोस? म्हणाला, व्हॉलीबॉल. घरात दार लावता येईल अशी खोली आहे? आहे, आजोबांची, दुपारी ते ओसरीवर असतात. काम अडलं तर पहिला फोन कुणाला करशील? इथे तो थांबला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "आधी मीच बघेन." म्हणून पहिले तीन महिने त्यालाही आठवड्यातून दोन दिवस वेर्ण्याला बोलावलं आहे, आणि टेबल दिलं आहे ते सत्तरीच्या त्या मुलीच्या शेजारचं. दिवाळी झाली की त्याला पुन्हा विचारणार आहे.